पांढरीबाहेरची माती

भोकरदनचे नाव इतिहासाच्या पुस्तकात आलेच तर ते एका हस्तिदंती बाईमुळे येते. १९७३ साली नागपूर विद्यापीठ आणि तेव्हाचे मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून केळणा नदीकाठच्या या गावी उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि डॉ. र. शं. गुप्ते यांनी त्याचा अहवाल १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. भोकरदन त्या वेळी औरंगाबाद जिल्ह्यात होते. जालना जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. या उत्खननात सातवाहनकाळातील एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तिची घडण इटलीतील पाँपेई येथे १९३८ साली सापडलेल्या भारतीय मूर्तीशी जुळते असे अभ्यासकांना दिसले. पाँपेई हे शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, म्हणजे मूर्ती त्याआधीच तिकडे पोचली होती. याच जातीची तिसरी मूर्ती तेरची आहे. पाँपेईची मूर्ती नेमकी कोठे घडली याबद्दल विद्वानांत एकमत नाही. पण आमच्या तालुक्यापुरता प्राचीन इतिहास मात्र ‘आपली मूर्ती रोमला गेली होती’ या एका वाक्यात सुरू होतो आणि त्याच वाक्यात संपतो.

त्या मूर्तीबद्दल माझी तक्रार नाही. मात्र ती पाहताना जे प्रश्न सुचायला हवेत ते आपल्याकडे सुचत नाहीत. तो हस्तिदंत कोणी कापला? कापणारा गावात कोठे राहत होता? त्याच्या चुलीवर काय शिजत होते? मूर्ती विकून आलेल्या नाण्यांपैकी त्याच्या हातात किती पडली, आणि हत्तीचा दात जंगलातून ज्याने वाहून आणला त्याला काय मिळाले? राजाचे नाव आणि शिल्पाची शैली यांच्या पलीकडे जाणाऱ्या या प्रश्नांसाठी पुरातत्त्वात एक स्वतंत्र वाट तयार झाली आहे. प्राचीन समाजाची अर्थव्यवस्था, म्हणजे उत्पादन कोण करी, साठा कोणाकडे असे आणि वाटप कोणत्या नियमाने होई, हे जमिनीत उरलेल्या वस्तूंवरून शोधणे, हे तिचे काम. या वाटेने चालणाऱ्याला अखंड मूर्तीपेक्षा अर्धवट भोक पाडलेला मणी मोलाचा वाटतो. पुरा झालेला मणी विकून दूर जातो, आणि बिघडलेला मणी जिथे घडला तिथेच राहतो. कारागिराचा पत्ता त्याच्या कचऱ्यावरून लागतो.

भोकरदनला नाना दगडांचे मणी सापडले, शंखाच्या बांगड्या सापडल्या, हस्तिदंताच्या वस्तू सापडल्या. शंख समुद्राचा. भोकरदनपासून समुद्र किती दूर आहे हे ज्याने एस. टी.ने मुंबई गाठली आहे त्याला सांगायला नको. अकीकासारखे दगड मात्र आपल्याच दख्खनच्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत तयार होतात आणि नद्यांच्या वाळूत सापडतात. हा दगड भाजला की लालभडक होतो. मग त्याला आकार द्यायचा, घासायचा, आणि शेवटी भोक पाडायचे. भोक पाडणे हेच सर्वांत वेळखाऊ. पहिल्या शतकातील एका ग्रीक खलाशाने लिहून ठेवलेले व्यापाराचे वर्णन ‘पेरिप्लस’ या नावाने प्रसिद्ध आहे. भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तिथून पूर्वेकडे तेर दहा दिवसांच्या वाटेवर, असे त्यात म्हटले आहे. पैठणहून असे दगड आणि तेरहून साधे व तलम कापड गाड्यांनी बिकट वाटांवरून बंदराकडे येई. पैठणहून अजिंठ्याच्या डोंगराकडे आणि पुढे माळव्यात जाणाऱ्या वाटेवर भोकरदन पडते. त्याचे जुने नाव भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांची नावे आणि गावे कोरलेली आहेत. त्यांत भोगवर्धनहून आलेल्या माणसांचीही नावे आहेत. त्याच सांचीच्या दक्षिण तोरणावरील कोरीव काम विदिशेच्या दंतकारांनी, म्हणजे हस्तिदंताचे काम करणाऱ्यांनी केले, असा लेख आहे. दात कोरणारा दगड कोरतो आणि त्यावर आपल्या धंद्याचे नाव घालतो.

धंद्याचे नाव घालण्यात लाज नव्हती, ही त्या काळच्या लेखांतील सर्वांत लक्षणीय गोष्ट आहे. कार्ले, कुडे, नाशिक, जुन्नर येथील लेणी पाहा. त्यांत सुतार आहे, गंधी आहे, माळी आहे, बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी आहे, कासारांची श्रेणी आहे, तेल्यांची आहे, कुंभारांची आहे. नाशिकच्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३,००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. एका श्रेणीकडे २,०००, शेकडा एक दरमहा व्याजाने. दुसरीकडे १,०००, शेकडा पाऊण दराने. पहिल्या ठेवीचे व्याज वर्षाला २४० होते. त्यातून वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रांसाठी द्यायचे. राजाचा जावई आपला पैसा विणकरांकडे ठेवतो! आज बँकेच्या दारात आमच्या माणसाला जामीनदार आणायला सांगतात. त्या काळी विणकरांची संघटना स्वतःच बँक होती, आणि तिची पत एवढी की ठेव कधीच परत मागायची नाही अशा अटीवर पैसा ठेवला जात होता.

याच सातवाहनांच्या मुलखात, कृष्णेच्या काठी अमरावतीला, स्तूपासाठी पूर्णघटाचे शिल्प असलेली एक शिळा दान दिलेली आहे. दाता आहे विधिक नावाचा चम्मकार. चम्मकार म्हणजे चामड्याचे काम करणारा. आई, बायको, भाऊ, मुलगा, मुली यांच्यासह त्याने हे दान दिले असे लेख सांगतो, आणि आपण उपाध्याय नागाचा मुलगा आहोत असेही सांगतो. बाप शिकवणारा, मुलगा चामडे कमावणारा, आणि दोघांची नावे एका दगडावर. हा लेख मी वर्गात सांगतो तेव्हा मागच्या बाकांवरची कुजबूज थांबते.

येथे मात्र सावध व्हायला हवे. आपल्या चळवळीतील बऱ्याच लिखाणात हा काळ सुवर्णयुग म्हणून रंगवला जातो. बौद्ध धम्म होता, श्रेणी होत्या, म्हणून सगळे समान होते, असे आपण सहज लिहून टाकतो. प्रस्थापितांनी गुप्तकाळाला सुवर्णयुग म्हटले तर आपण हसतो, आणि दुसऱ्याच एका काळाला तेच बिरुद लावतो. दगडावर नाव कोणाचे येते? ज्याच्याकडे दगड कोरून घेण्याइतका पैसा आहे त्याचे. विणकरांच्या श्रेणीत मुख्य विणकर होता, तसा त्याच्याकडे राबणारा पोरगाही असणार. अकीकाची खडी नदीतून वेचणारी बाई सांचीच्या यादीत नाही. त्या काळच्या वाङ्मयात दास आहेत, दासी आहेत, वेठ आहे. विधिकाचे नाव मिळाले म्हणजे सर्व चर्मकारांची स्थिती कळली असे नव्हे. लेख जिथे गप्प बसतात तिथे माती बोलू शकते, पण तिला बोलते करण्यासाठी योग्य जागी खणावे लागते.

योग्य जागी खणले म्हणजे काय कळते, याचे आपल्या महाराष्ट्रातील उत्तम उदाहरण जालना जिल्ह्यात नाही; ते पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी आहे, आणि सातवाहनांच्याही आधीचे आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर, डॉ. झै. दा. अन्सारी ही त्यामागची माणसे. इ. स. पू. १६०० च्या सुमारापासून इ. स. पू. ७०० पर्यंत येथे शेतकऱ्यांचे गाव नांदत होते. लोखंड नाही, राजा नाही, लिपी नाही. एखाद-दुसरा खड्डा खणून मडक्यांचे थर मोजायचे, एवढ्यावर हे उत्खनन थांबले नाही. वस्तीचा मोठा भाग आडवा उघडून काढला. १३० हून अधिक घरे सापडली, म्हणून गावाचा नकाशा हाती आला, आणि नकाशा हाती आला म्हणून प्रश्न विचारता आले.

गावात पाच खोल्यांचे एक घर होते आणि त्याच्या शेजारीच धान्याचे कोठार. नदीच्या पुराचे पाणी वळवून घेणारा पाट आणि बांध होता. मुख्य पीक जवाचे. कोठार एका घराला लागून असणे याचा अर्थ ढवळीकरांनी असा लावला की गावाचा एक प्रमुख होता, धान्य त्याच्याकडे जमा होई आणि तोच त्याचे वाटप करी. मधल्या भागात बऱ्या स्थितीतील शेतकऱ्यांची घरे होती. कुंभार, सोनार, चुना भाजणारा, मणी करणारा, हस्तिदंत कोरणारा हे गावाच्या पश्चिम कडेला. मोठी माणसे मेल्यावर त्यांचे पाय घोट्याखाली तोडून घरातच पुरत. लहान मुलांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवत. चार पायांच्या एका मोठ्या रांजणात मात्र एका पुरुषाला बसवून पुरले आहे आणि त्याचे पाय तोडलेले नाहीत. मेल्यावरही एकाला एक नियम आणि बाकीच्यांना दुसरा, ही गोष्ट मनूपेक्षा जुनी आहे.

कारागीर कडेला होते हे वाचले की आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात गावकूस उभे राहते. मलाही पहिल्यांदा तसेच वाटले होते, पण नकाशाकडे पुन्हा पाहिल्यावर ते टिकले नाही. एक तर हे कारागीर गावाच्या कडेला आहेत, गावाबाहेर नाहीत. सोनार आणि हस्तिदंत कोरणारा हेही त्यांच्यात आहेत. भट्टीची आग, राख, धूर यांमुळे काही धंदे कडेला जाणे स्वाभाविकच. दुसरे असे की, आपल्या गावांत महारवाडा बहुधा पूर्वेला असतो. वारा पश्चिमेकडून येतो आणि वाऱ्यानेही विटाळ होतो ही त्यामागची समजूत. इनामगावचे कारागीर पश्चिमेला आहेत. तेव्हा ती कड कमीअधिक प्रतिष्ठेची असेल, पण आपल्या ओळखीच्या विटाळाच्या हिशेबाने ती आखलेली दिसत नाही. विषमता होती, अस्पृश्यता होती असे म्हणायला पुरावा नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्यांची सांगड कधी पडली हाच तर खरा प्रश्न आहे.

इनामगावच्या हाडांचा अभ्यास डॉ. पी. के. थॉमस यांनी केला. त्यांत गायीगुरांची हाडे सर्वांत जास्त. त्यांवर कापल्याच्या खुणा आहेत, काही भाजलेली आहेत. गावभर गोमांस खाल्ले जात होते, कडेच्या घरांत तेवढे नव्हे. इ. स. पू. १००० नंतर गावाची स्थिती खालावली. चौकोनी मोठ्या घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, गुरे कमी झाली, हरणांची शिकार वाढली. दाते आणि हाडे यांवर डॉ. सुभाष वाळिंबे आणि जॉन ल्युकाक्स यांनी काम केले. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्या अखेरच्या काळातील बालकांची वाढ खुंटलेली दाखवून दिली. तीन हजार वर्षांपूर्वीची भूक हाडावरून मोजता येते. पाऊस कमी झाला असेल, माती दमली असेल. कारणांबद्दल चर्चा चालू आहे. पण भुकेची झळ सर्व घरांना सारखी लागत नाही, हे १९७२ चा दुष्काळ सोसलेल्या मराठवाड्याला कोणी शिकवायला नको. भोकरदनचे उत्खनन झाले तेच ते दिवस; एकीकडे विद्यापीठ सातवाहनांची विटांची बांधकामे शोधत होते आणि जिल्हाभर माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती.

आता बाबासाहेबांकडे येऊ. ते कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना त्यांनी प्राचीन भारतीय व्यापारावर लिहिलेला मजकूर महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात १९९३ साली छापला गेला. म्हणजे प्राचीन अर्थव्यवस्था हा त्यांचा तरुणपणापासूनचा विषय. अस्पृश्य मूळचे कोण यावरील त्यांचा ग्रंथ १९४८ चा. अस्पृश्य गावाबाहेर का राहतात, या प्रश्नापासून ते सुरुवात करतात. हा प्रश्न वस्तीचा आहे, म्हणजे जमिनीचा आहे. त्यांचे उत्तर थोडक्यात असे: टोळ्या स्थिर होऊन शेती करू लागल्या तेव्हा पराभूत, फुटलेल्या टोळ्यांतील माणसे त्यांच्या आश्रयाला आली, राखणीच्या मोबदल्यात त्यांना अन्न मिळाले आणि गावाच्या सीमेवर जागा मिळाली. ती आधी बाहेर राहत होती, अस्पृश्य नंतर झाली. गोमांस सोडण्याची लाट आली तेव्हा ती मेलेल्या गुरांचे मांस खातच राहिली, आणि अस्पृश्यता जन्माला आली, काळ इ. स. ४०० च्या सुमाराचा. दुवे तुटलेले असतील तिथे इतिहासकाराने कल्पनाशक्तीने ते जोडावेत, ही आपली पद्धतही त्यांनी प्रस्तावनेत उघडपणे सांगितली आहे. हा सिद्धान्त आपण घोषणेसारखा पाठ केला, आणि विरोधकांनी वकिलाचा युक्तिवाद म्हणून बाजूला सारला. हा सिद्धान्त तपासून पाहता येण्याजोगा आहे, हे दोघांच्याही लक्षात आले नाही. बाहेरची वस्ती कधीपासून आहे? तिच्यातील अन्न आतल्या अन्नाहून कधी वेगळे झाले? ही दोन्ही उत्तरे कुदळीच्या टप्प्यात आहेत.

आणि नेमक्या याच काळाबाबत आपले पुरातत्त्व अडखळते. इ. स. तिसऱ्या-चौथ्या शतकानंतर दख्खनमधील जुन्या नगरांचा जोम ओसरतो. रामशरण शर्मा यांनी १९८७ साली भारतभरच्या उत्खननांचे अहवाल एकत्र करून नगरांच्या या ऱ्हासावर ग्रंथ लिहिला. सर्वांना तो मान्य नाही. पण भोकरदनसारख्या ठिकाणचे मणी, नाणी, दूरचा माल यांचे भरभराटीचे थर सातवाहनकाळाचेच आहेत, हे खरे. मग मणीकार कोठे गेला? श्रेणी मोडल्यावर विणकर, कासार, चर्मकार खेड्यांत गेले असतील, आणि तिथे नाण्याऐवजी धान्याच्या वाट्यावर राबू लागले असतील. श्रेणीचा सभासद बलुतेदार झाला असेल. शर्मांच्या ग्रंथातून निघणारा हा तर्क मला पटतो. पण अजून तो तर्कच आहे.

याच सुमारास ताम्रपट वाढू लागतात. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा चम्मक येथील ताम्रपट पाचव्या शतकातील. अचलपूरजवळचे चर्मांक नावाचे गाव, ८,००० भूमी इतके क्षेत्र, त्याने १,००० ब्राह्मणांना दिले. (गावाच्या नावात चर्म आहे. त्यावरून काही सिद्ध होत नाही, पण वाचताना डोळा अडखळतो.) या दानांत सवलतींची यादी असते: गावात सैनिक शिरणार नाहीत, फुले आणि दूध घेतले जाणार नाही, अधिकाऱ्यांच्या मुक्कामासाठी चामडे आणि कोळसा द्यावा लागणार नाही, वेठ माफ. वाचणाऱ्याला वाटते, गाव सुटले. सुटला तो दान घेणारा. चामडे कोणीतरी काढतच होते, कोळसा कोणीतरी पाडतच होते. फरक इतकाच की ते आता राजाच्या माणसाऐवजी गावातल्या नव्या मालकाच्या दारात जाणार. ताम्रपटात दान घेणाऱ्या ब्राह्मणांची नावे गोत्रांसह कोरली आहेत. चामडे देणाऱ्याचे नाव नाही. विधिक चम्मकार आणि हा निनावी माणूस यांच्यामध्ये सुमारे अडीचशे वर्षे आहेत.

या अडीचशे वर्षांसाठी खणायचे कोठे? मराठीत गावाच्या जमिनीला दोन नावे आहेत: काळी आणि पांढरी. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. पिढ्यान्पिढ्या चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती साचून वस्तीची जमीन फिकी होते आणि उंच होते. माळवदावर टाकायला आणि शेताला खत म्हणून लोक ही माती नेतात. पुरातत्त्वज्ञ गावात येतो तो या पांढरीच्या टेकाडावर, आणि बहुधा त्याच्या सर्वांत उंच भागावर खणतो, कारण तिथे थर जास्त. सरकारी पैशाच्या हिशेबाने हे बरोबरच आहे. पण महारवाडा आणि मांगवाडा पांढरीबाहेर होता. म्हणजे ज्या माणसांचा इतिहास शोधायचा ती जिथे राहिली ती जमीन उत्खननाच्या आखणीतच येत नाही. ‘पुरावा मिळत नाही’ असे मग सांगितले जाते. जिथे पाहिलेच नाही तिथे पुरावा मिळणार कसा?

अमेरिकेत हे घडून गेले आहे. फ्लोरिडा राज्यात किंग्जले येथील जुन्या मळ्यावर चार्ल्स फेअरबँक्स यांनी १९६८ च्या सुमारास मालकाचा वाडा सोडून काळ्या गुलामांच्या झोपड्या खणल्या. नागरी हक्कांच्या लढ्याचे ते दिवस होते आणि हा योगायोग नव्हता. झोपड्यांत रानातल्या आणि पाण्यातल्या प्राण्यांची हाडे निघाली, बंदुकीच्या गोळ्या निघाल्या. गुलामांना मालकाच्या शिध्यावर भागवावे लागत नव्हते. बंदी असूनही ते शिकार करून पोट भरत होते. मालकांच्या हिशेबवहीत हे कधीच आले नसते. तिथून गुलामवस्त्यांचे पुरातत्त्व ही एक शाखाच उभी राहिली.

आपल्याकडे काय शोधता येईल हे सांगण्यासाठी घरातले एक उदाहरण देतो. बलुत्याच्या दिवसांत माझे आजोबा खळ्यावर जात. रास मोजून झाली, पाटलाचे घरी गेले, बाकीच्यांचे वाटे झाले की खळ्याच्या तळाशी मातीत मिसळलेले जे धान्य उरे, ज्याला मातेरे म्हणतात, ते झाडून न्यायची मुभा आमच्या घराला होती. आजी ते आधी पाखडायची, मग पाण्यात रोळायची. माती-खडे खाली बसायचे आणि दाणा वेगळा व्हायचा. प्राचीन धान्य शोधणारा अभ्यासक हेच करतो. चुलीजवळची, कोठीतली माती तो पाण्यात ढवळतो. जळून कोळसा झालेले दाणे हलके होऊन वर तरंगतात आणि चाळणीत येतात. भोकरदनच्या अहवालातही अशा जळालेल्या धान्याचा अभ्यास आहे.

पण खरी गंमत पुढे आहे. गॉर्डन हिलमन या इंग्रज अभ्यासकाने १९७० च्या दशकात तुर्कस्तानातील खेड्यांत बसून मळणी, उफणणी, चाळणी यांच्या प्रत्येक पायरीला काय वेगळे होते हे नोंदवले. स्वच्छ राशीत मोठा, एकसारखा दाणा असतो. चाळणीखालच्या भागात बारीक, सुरकुतलेला दाणा, कणसाचे तुकडे आणि तणाचे बी असते. जळाल्यावरही हा फरक टिकतो. म्हणजे पांढरीवरच्या चुलीत राशीचा दाणा आणि पांढरीबाहेरच्या चुलीत मातेरे असेल तर ते ओळखता येईल! घरोघर धान्य निवडले जाते तेव्हा तिथेही असा कचरा पडतो, म्हणून एका चुलीवरून निष्कर्ष काढता येणार नाही. आत-बाहेरच्या पुष्कळ चुलींची तुलना करावी लागेल. हाडांचेही तसेच. आतल्या वस्तीत मांसल भागाची हाडे आणि बाहेर नुसती डोकी-खूर, किंवा म्हाताऱ्या, आपोआप मेलेल्या गुरांची हाडे, असा फरक कोणत्या शतकापासून दिसतो हे पाहता येईल. बाबासाहेबांनी इ. स. ४०० म्हटले. तो ५०० निघेल, ९०० निघेल, किंवा २०० निघेल. जे निघेल ते घ्यायची आपली तयारी हवी.

अडचणी आहेत. बाहेरच्या वस्तीवर आजही घरे आहेत. खणायचे तर कोणाच्या अंगणात? १९५८ च्या कायद्याप्रमाणे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. उत्साहाने खड्डे खणणारा विद्यार्थी पुराव्याचा नाशच करील. ज्यांची घरे कुडाची आणि भांडी मोजकी, त्यांचा थर पातळ पडतो, नांगराच्या दोन फाळांत विसकटतो. आणि परवाना मागणारे विद्यापीठ लागते, ज्याला हा प्रश्न आपला वाटेल.

पण कुदळ न लावता होण्यासारखे काम पुष्कळ आहे आणि त्याला मुदत नाही असे समजू नये. पांढरीची टेकाडे वेगाने नाहीशी होत आहेत. पूर्वी बैलगाडीने माती जात असे, आता जेसीबी एका दिवसात अर्धे टेकाड वीटभट्टीला पोचवतो. आमच्या महाविद्यालयातील मुले उसाच्या तोडीला गेलेल्या आईबापांच्या मागे गावात राहतात. सुट्टीत त्यांना मी एक काम देतो. आपल्या गावाचा नकाशा काढायचा. पांढरी कोठे संपते, महारवाडा, मांगवाडा तिथून किती पावलांवर, कोणत्या दिशेला, नदीच्या वर की खाली. विहिरी कोणाच्या, बांधकाम दगडाचे की विटांचे. मेलेली गुरे ओढून नेऊन जिथे फाडत ती जागा कोणती. म्हाताऱ्यांना ती ठाऊक असते आणि ते सांगताना आवाज खाली आणतात. नांगरटीत वर आलेली खापरे उचलायची नाहीत. जागा, रंग, जाडी लिहून ठेवायची आणि फोटो काढायचा. जुनी वस्ती हलली असेल तर का हलली, पुराने की भांडणाने, हे विचारायचे. आतापर्यंत आलेल्या नकाशांपैकी काहींत महारवाड्याची जुनी जागा आजच्या जागेपासून दूर, पडीक रानात आहे. तिथे घरे नाहीत आणि कोणाचे अंगण मोडणार नाही.